भिंतीपलीकडचं नाव

नरोत्तमभाई गेले ही बातमी मला कोणी सांगितली नाही. ती मी ऐकली... भिंतीतून. दुपारची वेळ होती, तळोद्याचा बाजार उतरला होता, धडगावकडे जाणाऱ्या जीपा माणसं कोंबून निघून गेल्या होत्या. मी माझ्या फोटो स्टुडिओच्या मागच्या डार्करूममध्ये चटई टाकून आडवा झालो होतो. रीळ धुवायचे दिवस केव्हाच संपले. आता त्या खोलीत जुने पडदे, मोडके स्टँड आणि दुपारचा मी, एवढंच सामान असतं. त्या खोलीची आणि नरोत्तमभाईंच्या औषधाच्या दुकानाची भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची. पलीकडे त्यांचा खल चालू होता आणि खलाबरोबर त्यांचं तोंड. "रोशनी... रोशनी... रोशनी..." माझ्या नातीचं नाव. तिचं औषध घोटणं चाललं होतं. त्या आवाजाची मला इतकी सवय, की तो सुरू झाला की माझा डोळा लागायचा. आणि मग नुसतं "रो..." आलं. पुढचं आलंच नाही.

मला आधी रागच आला. वाटलं, आलं असेल कुणीतरी टपकून, मारली असेल मध्येच हाक. आता भाई सगळं टाकून देणार आणि पहिल्यापासून सुरू करणार. मग बत्ता फरशीवर पडल्याचा आणि घरंगळत गेल्याचा आवाज आला. तो बराच वेळ घरंगळत राहिला असं मला आजही वाटतं. त्यानंतर त्यांच्या सुनेची, हेतलची किंकाळी, "बापूजी!" मी अनवाणीच धावलो. भाई खुर्चीत होते, मान टेबलावर टेकलेली, हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क. मास्क मीच काढला. तोंड किंचित उघडं होतं, 'रो' म्हणताना ओठांचा चंबू होतो ना, तसं. डॉक्टर आले, मनगट धरलं आणि हृदय बंद पडलंय म्हणून सांगून गेले. मी मात्र त्या ओठांकडेच बघत बसलो होतो.

भाईंची ओळख सांगायची तर आधी त्यांची ही खोड सांगावी लागेल. आजकाल औषधाचं दुकान म्हणजे काय? पाकीट काढा, कात्रीने पट्टी कापा, पैसे घ्या, पुढचा या. भाईंकडेही ते चालायचं, ते काम हेतल बघायची. तीही शिकलेली फार्मसिस्ट आहे. पण आतल्या टेबलावर भाई एकेका माणसापुरतं औषध बनवायचे. डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच, आणि बाजारातली तयार गोळी ज्याला लागू पडत नाही त्याच्यासाठीच. डोंगरातल्या काठी गावाकडच्या एका म्हाताऱ्याला गोळीवरच्या रंगाने अंगभर गांधी उठायच्या. तो गोळ्या फेकून द्यायचा आणि त्याचं ब्लडप्रेशर आभाळाला टेकायचं. भाईंनी डॉक्टरांशी बोलून तेच औषध बिनरंगाच्या कॅप्सूलमध्ये भरून दिलं. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या एका बाईचं तोंड कॅन्सरच्या उपचारांनी आतून सोललं होतं, पाणीसुद्धा गिळवेना. तिच्यासाठी गालात धरून ठेवायचं एक गार, बुळबुळीत औषध केलं. ती बाई पहिल्यांदा भाकरीचा तुकडा खाऊन आली तेव्हा भाईंच्या पायाच पडायला लागली. भाई ओरडले, "पाया कसाले पडस? जेवन कर!"

तर ती खोड अशी, की खल फिरतोय तोवर तोंडात फक्त त्या रोग्याचं नाव. दुसरा शब्द नाही. कोणी मध्ये बोललं आणि भाईंच्या तोंडून चुकून "हो" जरी गेलं, तरी तो सगळा घाणा बाजूला काढायचा, खल धुवायचा, पुन्हा पहिल्यापासून. धुळ्याला ज्या जुन्या औषधवाल्याकडे ते तरुणपणी शिकले त्याने घालून दिलेली ही शिस्त. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "भाई, मंत्र मारता की काय?" तर म्हणाले, "मंतर नई रे बाबा. येक टाईमले येकच मानूस. नाव तोंडमा ऱ्हायनं की त्यानं वजन, वय, सगळं डोकामा ऱ्हास." मी मान डोलावली. पण डोंगरातून येणाऱ्या लोकांना हे कोण समजावणार? ते दाराशी उकिडवे बसून ऐकायचे आणि आपलं नाव सुरू झालं की हात जोडायचे.

आता माझ्या डार्करूममधला अंधार डोळ्यासमोर आणा. लाल दिवा, पाण्यात हळूहळू उमटणारा कुणाचा तरी चेहरा, आणि भिंतीतून येणारं कुणाचं तरी नाव. तरुणपणी माझ्या अंगावर काटा यायचा. कधी कधी चेहरा आणि नाव एकाच माणसाचं असायचं. तळोद्यात कोण आजारी आहे हे मला त्याच्या घरच्यांच्या बरोबरीने कळायचं. एखादं नाव महिनोन् महिने चालायचं आणि एक दिवस बंद व्हायचं. मग मी बाहेर येऊन विचारायचो, "भाई, जेठ्याचं नाव ऐकू आलं नाही." ते कधी म्हणायचे, "बरा व्हयना." कधी नुसतं म्हणायचे, "गया." आणि मी आत जाऊन त्याचा जुना फोटो शोधून ठेवायचो, कारण संध्याकाळी त्याच्या घरचे हार घालायला फोटो मोठा करून मागायला येणारच. भाई मला म्हणायचे, "जयसिंग, मन्हा कडथून सुटना की तुन्हा कडे येस." आम्ही दोघेही यावर हसायचो. आता हसू येत नाही.

मग एक दिवस त्या भिंतीतून माझ्याच घरचं नाव यायला लागलं. रोशनीला सिकलसेल आहे, रक्तातलं दुखणं. आमच्या भिल्ल समाजात हा आजार घरोघरी, त्यामुळे त्याचं नवल कोणाला नाही, पण पोरगी दुखण्याने वाकडी होऊन रात्रंदिवस कण्हते तेव्हा ते नवल नसणंच छातीवर बसतं. तिचे आईबाप सुरतेला कारखान्यात कामाला. ती शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी आमच्याकडे असते. नंदुरबारच्या डॉक्टरबाईंनी तिला कॅप्सूल सुरू केली. औषध चांगलं, पण कॅप्सूल मोठ्या माणसाची आणि आमची पोर म्हणजे काडी. घरी आजी कॅप्सूल उघडायची आणि अंदाजाने चिमूटभर गुळाच्या पाण्यात द्यायची. आजीचाच हात तो! एक दिवस जास्त, एक दिवस कमी, आणि निम्मं तर पोर ओकून टाकायची. रक्त तपासलं तर आकडे भलतेच घसरलेले. डॉक्टरबाई आम्हाला रागावल्या आणि त्यांनी औषध बंद केलं. महिन्याभरात दुखणं दुप्पट होऊन परत आलं. "हिच्या वजनाला बरोबर बसेल असं पातळ औषध कोणी मोजून बनवून देणारा असेल तर बघा," असं त्या म्हणाल्या. मी तोंड पाडून स्टुडिओत येऊन बसलो. भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "काखमा कळसा अन् गावले वळसा! भित एकच शे, अन् मले इचारस नई?"

ते औषध हाताळायला जोखमीचं. त्यासाठी भाईंनी वेगळा पांढरा खल घेतला, मोजे, मास्क, सगळं. डॉक्टरबाईंशी फोनवर बोलून प्रमाण ठरवलं. ते पातळ औषध फार टिकत नाही म्हणून थोडं थोडंच बनवायचं, बाटली संपत आली की नवी. रोशनीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, "गोड नको, लिंबू पाहिजे." भाईंनी दुसऱ्या खेपेला लिंबाच्या चवीचं केलं आणि तिला विचारलं, "आते? राजी का?" तीही कमी नाही. म्हणाली, "चालेल." त्यानंतर रक्ताचे आकडे हळूहळू सावरले. पोर शाळेत जायला लागली. मागच्या पावसाळ्यात ती एकदाही दवाखान्यात भरती झाली नाही. मी डार्करूममध्ये पडून "रोशनी... रोशनीऽऽ" ऐकायचो. भाई दर खेपेला शेवटची 'नी' लांबवायचे, गाईला हाक मारतात तशी. मला त्याने फार बरं वाटायचं.

आणि तेच नाव अर्धं तोंडात असताना भाई गेले.

घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं, ही माझी मोठीच अक्कल! शेवंता पीठ मळत होती, तिचे हात तसेच थांबले. आमच्या बोलीत ती म्हणाली, "अर्धं नाव घेऊन गेलाय तो. उरलेलं घ्यायला येईल." मी तिला झापलं, काय वेड्यासारखं बोलतेस म्हटलं. पण खोटं कशाला सांगू, मीही त्या रात्री रोशनीच्या खाटेजवळच अंथरूण टाकलं. शेवंताने पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला. तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं तिला बजावलं. आणि घरात फर्मान काढलं, की पोरीला नावाने हाक मारायची नाही. पोरी म्हणा, बाळी म्हणा, काही म्हणा... पण रोशनी म्हणायचं नाही. त्या दुकानातून आता काही आणायचंही नाही. "मेलेल्याच्या खलातलं औषध मी पोरीच्या घशात घालणार नाही," ती म्हणाली. दुकान तसंही सुतकात बंद होतं. घरातल्या बाटलीचा तळ दिसायला लागला होता.

भाईंच्या अस्थी प्रकाशाला तापीत सोडल्या तेव्हा मी गेलो होतो. त्यांचा चष्मा, काठी, पितळी अडकित्ता लोकांनी अस्थींबरोबर पाण्यात सोडला. कोणीतरी म्हणालं, खलही सोडा, त्याशिवाय जीव सुटायचा नाही. हेतल आजवर कधी चार माणसांत बोलली नव्हती. ती डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "खल नाही." बस, एवढंच. तिच्या सासूने तिच्याकडे वळून पाहिलं, पण ती हलली नाही. परत आल्यावर त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे हार घालायला फोटो मागितला. आयुष्यभर शेजारी फोटोवाला, पण ह्या माणसाने एकदा धड फोटो काढून घेतला असेल तर शपथ! दुकानाच्या परवान्यासाठी काढलेला एक सापडला. मी कम्प्युटरवर तो मोठा केला आणि पाहतच राहिलो. फोटोतही तोंड तसंच किंचित उघडं होतं. "भाई, तोंड मिटा," असं मी त्या वेळी नक्की म्हटलं असणार. त्यांनी ऐकलं नव्हतं.

बाटली संपली. थोडे दिवस काही झालं नाही, तेव्हा शेवंता माझ्याकडे 'बघ' अशा नजरेने बघायची. मग एका संध्याकाळी पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. पिंढऱ्या दुखतात म्हणाली. आजीने शेकायला गरम विटा दिल्या, पाणी पाजलं, पाय दाबले. मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिने मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, त्या आजोबांनी मला बोलावलंय का? मी ओ देऊ का?" मी म्हटलं, "झोप पोरी." तिचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. त्या वेळी मला रडू फुटलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डार्करूममध्ये जाऊन पडलो. झोप कसली येते! नंदुरबारला न्यायचं तर औषध का बंद केलं ह्याचं काय उत्तर देणार, ह्याच विचारात होतो. बाहेर कडक ऊन, आत मिट्ट अंधार. आणि भिंतीपलीकडे खल फिरायला लागला. दुकानाचं शटर खाली होतं, कुलूप मी येताना पाहिलं होतं. तरी दगडावर दगड, तोच सावकाश फेरा... आणि त्याच्या मागोमाग अगदी हळू, मास्कमधून यावा तसा दबका आवाज. "रोशनी... रोशनी..." मी उठूच शकलो नाही. नाव आता अर्धं नव्हतं, पुरतं येत होतं, दर फेऱ्याला. शेवंताचे शब्द आठवले आणि मी जिवाच्या आकांताने उठलो. म्हटलं, तिला न्यायला आलाच असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे.

मागच्या गल्लीत त्यांच्या दुकानाचं छोटं दार आहे, ते नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं. आत हेतल होती. हातात मोजे, तोंडावर मास्क, समोर पांढरा खल. ती भाईंच्या खुर्चीत बसली नव्हती. टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर तिने डोक्यावर पदर घेतला होता, सासरे बसलेले असताना घ्यायची तसाच. मला पाहून ती दचकली आणि तिचे हात थांबले. टेबलाच्या कडेला एक नवी बाटली तयार ठेवलेली होती, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, माझ्या नातीच्या नावाची.

"सुतकात दुकान उघडता येत नाही, काका," ती म्हणाली. तिचा आवाज रडून रडून पार बसला होता, नुसती फुसफुस येत होती. "पण तिची बाटली संपली असणार. बापूजींचं अर्धं राहिलेलं मी त्याच दिवशी काढून टाकलं. हे पहिल्यापासून केलंय."

मला इतकं हलकं वाटलं, की मी दारातच मटकन बसलो. म्हटलं, "पोरी, घाबरवलंस तू मला. नाव घेत होतीस ते ऐकून माझा जीवच गेला होता."

तिने मास्क खाली ओढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी कुठं नाव घेत होते? मला बोलताच येत नाहीये." तिने भिंतीकडे बोट केलं. "नाव तर तुमच्याकडून येत होतं. काल पण आलं. मला वाटलं... बापूजी सांगतायत, थांबू नको."

मग मीच म्हटलं, तू घोट, मी आत जाऊन पडतो, बघू काय होतं ते. अंधारात परत आलो, चटईवर पडलो, तोंडावर तळहात घट्ट ठेवला. पलीकडे खल फिरला. एक फेरा, दुसरा फेरा... आणि माझ्या तळहाताखाली माझेच ओठ हलले. घरात जे नाव घ्यायची बंदी होती ते इथे माझ्या तोंडून आपसूक निघत होतं. इतकी वर्षं मी ते खलाच्या तालावर ऐकत आलो होतो, ताल सुरू झाला की जीभ हलायची. आधी मला हसू आलं आणि मग मी तिथेच लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. भाईंसाठी मी तोवर रडलोच नव्हतो.

बाटली घरी आणली, शेवंतापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. मग विचारलं, "उरलेलं नाव कोणी घेतलं म्हणालास?"

"मी."

"तूच? तुझ्याच तोंडानं?"

"माझ्याच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तू जिवंत आहेस अजून." आणि जरा थांबून, "तुला न्यायला कोण येतंय!" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नंदुरबारला गेलो. डॉक्टरबाई बोलायचं ते बोलल्या, आम्ही मान खाली घालून ऐकलं. रक्त तपासून, दुखण्यावरचा इलाज करून, त्यांनी पुन्हा तेच औषध सुरू करायला सांगितलं. शेवंताने ते स्वतःच्या हाताने पाजलं, भाईंनी दिलेल्या मापाने. अंदाजाने नाही.

आता हेतल दुकान चालवते. नाव तीही घ्यायला लागली आहे, पण मनातल्या मनात, ओठ न हलवता. भाईंच्या खुर्चीत ती अजून बसत नाही. होळी जवळ आली आहे. डोंगराकडे ढोल तापवायला लागले आहेत आणि रोशनीला आजोळी काठीची होळी बघायला जायचंय. डॉक्टरबाई हो म्हणाल्या आहेत, पाणी भरपूर प्यायचं आणि रात्रभर नाचायचं नाही या अटीवर. आता मी भिंतीशी बसून रोज तिचं नाव घेतो, मुद्दाम, मोठ्याने. तो आवाज माझाच होता हे मी मान्य केलेलं आहे. एवढंच की, ती 'नी' लांबवायची सवय माझी नव्हे.

परवा दुपारी रोशनी माझ्याबरोबर डार्करूममध्ये होती. दार उघडं ठेवून, उजेडाच्या पट्ट्यात चित्र रंगवत बसली होती. पलीकडे तिच्याच बाटलीचा खल चालू होता. मी चहा पीत होतो. आणि रंगवता रंगवता तिने मान वर केली, माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "ओ!"

मी काही बोललो नव्हतो. माझ्या तोंडात चहाचा घोट होता. पण ऐकलं मात्र मीही होतं, शेवटची 'नी' लांबवलेली.

तिने जरा वाट पाहिली. मग परत खडू उचलला आणि आपल्या चित्रातला डोंगर हिरवा करायला लागली. मी घोट गिळला. पलीकडे खल फिरतच होता.